चारही चाकांनी ओढणारी जीप

अर्धापूरजवळ केळीची बाग असलेल्या व्यंकटीने आयुष्यात एकच चैन केली, ती म्हणजे जुनी जीप घेतली. दिसायला रणगाडा, पण जोर फक्त मागच्या दोन चाकांत. पुढची दोन नुसती सोबतीला. आमच्याकडची काळी माती ओली झाली की पायातली चप्पलसुद्धा ठेवून घेते, तिथे या जीपचा काय पाड! ती अकरा वेळा रुतली आणि अकराही वेळा त्याच्या बायकोने, कावेरीबाईने, आपले बैल जुंपून बाहेर काढली. बैल तिच्या माहेरचे. घरात त्यांचा मान व्यंकटीच्या थोडा वरच होता.

अकराव्या खेपेला ती म्हणाली, "आवो, आता पुन्हा माझ्या बैलांनी ही ओढली, तर दुसऱ्या दिवशी भंगारात! सांगून ठेवते."

व्यंकटीच्या तोंडचं पाणी पळालं. ही बाई बोलली की करते, हे तीस वर्षांत त्याला पुरतं कळलेलं. जीप वाचवायची तर तिला चारही चाकांनी ओढायला शिकवणं भाग होतं. नांदेडच्या भंगारातून पुढचा एक्सल आला, जोर दोन्हीकडे वाटणारा जादा गिअरबॉक्स आला. शिक्षण मोबाइलवरच्या व्हिडिओतून. मदतीला बालमित्र पाशामियाँ, धंदा पंक्चर काढण्याचा. पण पंक्चर सोडून बाकी सगळं दुरुस्त करायची त्याला भारी हौस.

तीन आठवडे दोघे गोठ्यापुढे जीपखाली उताणे पडून होते. एका बाजूला दोन डोकी मावेनात, म्हणून व्यंकटीचं डोकं पुढे आणि पाशामियाँचं मागे. एक्सलच्या पोटातलं मोठं दातेरी चाक उजव्या अंगाला बसवा, असं व्हिडिओत स्पष्ट सांगितलं होतं.

"हे बघ, माझी उजवी इकडं," व्यंकटी म्हणाला.

"अरे, तुझी उजवी ती माझी डावी! मेरी उजवीकू बसव."

अर्धा तास हुज्जत चालली. बाहेर येऊन उभं राहून बघावं, हे दोघा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. शेवटी जीप ज्याची, उजवी त्याची, असा न्याय झाला आणि चाक बसलं.

पोळ्याच्या दिवशी गावचे सगळे बैल शिंगं रंगवून, झुली घालून वेशीतल्या तोरणाकडे निघाले होते. हल्ली ट्रॅक्टरही सजून येतात, मग जीपने काय घोडं मारलं? व्यंकटी पाशामियाँला शेजारी बसवून हार घातलेली जीप घेऊन मिरवणुकीच्या पुढे झाला. वेशीजवळ चिखल लागला. त्याने गावाकडे एकदा तोऱ्यात पाहिलं आणि चारही चाकांना जोर देणारी नवी दांडी ओढली.

जीप गरजली, थरथरली आणि जागच्या जागी उभी राहिली. मागची चाकं तोरणाकडे पळत होती, पुढची, व्यंकटीच्या उजवीच्या कृपेने, उलटी फिरून घराकडे. दांडी परत टाकेपर्यंत चारही चाकं एक्सलपर्यंत आत गेली होती. हलगी थांबली. मागे सगळ्या गावाचे बैल खोळंबले.

गर्दीतून कावेरीबाई पुढे आली. व्यंकटीची लाज कुठच्या कुठे गेली, नुसतं जीपचं वाईट वाटत होतं.

"आण बैल," तो म्हणाला. "अन् उद्या भंगारवाल्याला बी बोलव."

"बैल?" ती कडाडली. "आज पोळा हाय! आज माझ्या बैलांच्या खांद्यावर जू ठेवून तर बघा!"

"मग वढणार कोण?"

"तुम्ही दोघं हायत की."

दोरखंड दोघांच्या खांद्यांवर पडला. मागून गावाने रेटा दिला, आणि कावेरीबाई बैलांना करते तसं जिभेने टकटक करत पुढे चालली. हसून हसून लोकांची पोटं दुखली, पण जीप निघाली.

संध्याकाळी दोघे ओसरीवर कण्हत बसले होते. कावेरीबाई हळद-लोण्याच्या दोन वाट्या घेऊन आली. एक तिने पाशामियाँपुढे ठेवली, दुसरीतल्या लोण्याने ती नवऱ्याचा खांदा मळू लागली, बैलांचा मळतात तसाच, जपून.

"जीप..." व्यंकटी चाचरत म्हणाला.

"बैलांनी कुठं वढली? ऱ्हाऊ द्या."

व्यंकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पण आता रुतली की तुमचीच जोडी जुंपणार."

व्यंकटीने आपल्या जोडीदाराकडे पाहिलं. पाशामियाँ एक चप्पल पायात, एक हातात घेऊन अंगणाबाहेर पोचला होता.