आभाळ वाळेपर्यंत

माझी पत्नी मेहकरच्या एका शाळेत चित्रकला शिकवीत असे. शाळेच्या ग्रंथालयातील डच निसर्गचित्रांच्या एका ग्रंथावर तिचा फार जीव होता. "पाहा हो," ती म्हणे, "जमीन चार बोटं अन् आभाळ हातभर! देवाले द्यावा तेवढा मान यायनं ढगाले दिला." त्या चित्रांतील माणसे मात्र तिळाएवढी असत आणि बहुधा सर्वांत शेवटी रंगवलेली. विराटापुढे मनुष्याने एवढेच असावे, असे मला वाटे.

निवृत्तीनंतर तिने पैनगंगेचा काठ त्याच रीतीने रंगवायला घेतला. आधी तपकिरी अस्तर, त्यावर जवसाच्या तेलातील पातळ रंगांचे थर. खालचा वाळल्यावाचून वरचा द्यायचा नाही. तेव्हा कुठे उजेड आतून आल्यासारखा दिसतो. त्या तेलाचा वास देवघरापर्यंत येई. मी एकदा म्हणालो, "संस्कृतात तेलालाही स्नेह म्हणतात आणि मायेलाही."

"म्हणूनच लवकर वाळत नाही मेला!" ती हसली. "अन् वाळते म्हणाचं नुसतं. हवा पिऊन घट्ट होते तो."

"आणि मी कुठे आहे या चित्रात?"

"काठावर जागा ठेवली न तुमची. आभाळ वाळू द्या, मंग संध्या करताना उभं करीन तुमाले. घाई काऊन करता?"

आभाळ ओले असतानाच ती गेली.

परवा मुलगी मलकापूरहून आली. तिचाही हात चांगला आहे. चित्रावर हलकेच बोट टेकवून ती म्हणाली, "बाबा, वाळलं आहे. आईनं ठेवलेल्या जागी काढू तुम्हाला?"

काठावर नखाएवढे तपकिरी अस्तर उघडे होते. त्या आभाळाखाली उभे राहावे, एवढी एकच इच्छा माझ्यात उरली आहे. मुलीने कुंचला भिजवला; आणि मी "नको" म्हणालो.

"काऊन?" तिने अगदी आईसारखे विचारले.

"तिने उभे करीन म्हटले होते."

"मग जागा रिकामीच राहील, बाबा."

मी पळी-पंचपात्र उचलले. ती जागा मला ठाऊक आहे: घाटाच्या शेवटच्या पायरीपाशी, वाकलेल्या बाभळीच्या डावीकडे. आता सायंसंध्या मी तेथेच करतो. अर्घ्य दिल्यावरही, उजेड असेतो, जागचा हलत नाही.