बेटावरचा माका

ती शीट मी तिसऱ्यांदा भिंगाखाली धरली. माकाच होता. शंका घ्यायला जागा नव्हती, म्हणूनच शंका आली.

हर्बेरियम शीट म्हणजे दाबून वाळवलेलं झाड जाड कागदावर चिकटवतात ती. खाली लेबल असतं: नाव, तारीख, ठिकाण. या लेबलावर ठिकाणापुढे फक्त ‘बेट’ लिहिलं होतं. अक्षर माझे मदतनीस सुकदेवभाऊ यांचं.

बेट तापीच्या मुखाशी, चारी बाजूंनी खारं पाणी. एका कंपनीला तिथे जेट्टी बांधायची होती आणि बेटावर वर्षभरात काय काय उगवतं याची यादी आमच्या ऑफिसने द्यायची होती. उन्हाळ्यात मी गेले तेव्हा चिखलावर मिठाची पापडी आणि फुललेल्या तिवरांवर मधमाश्या. पावसाळ्यात पापडी धुऊन गेली, गवत आलं, तिवरांना फळं धरली. दोन्ही वेळच्या नोंदीत मी लिहिलं, ‘गोडं पाणी नाही. वस्ती नाही.’

हिवाळ्यात माझा पाय प्लास्टरमध्ये होता. सुकदेवभाऊ एकटे गेले. ते मूळचे धुळ्याकडचे, राहायला कोसाडला. आधी कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर होते. झाडं दाबायला मीच शिकवलं होतं. त्यांनी लाल पडलेली मोरस आणली. बरोबर, हिवाळ्यात खाऱ्या जमिनीवरची मोरस लाल होते. तिच्याच गठ्ठ्यात हा माका.

केसांच्या तेलात घालतात तोच. त्याला गोडी ओल लागते. नळाखाली, गटाराकाठी हवा तेवढा मिळतो. खाऱ्या बेटावर त्याचं काय काम?

एकच उत्तर सुचलं. भाऊ बेटावर गेलेच नव्हते. मोरस कुठूनही खाडीकाठची उपटली आणि माका घराजवळचा.

त्यांना बोलावलं. “हा कुठला?”

“बेटावरचा.”

“बेटावर कुठे?”

ते शीटकडे बघत राहिले. “ताई, झाड खरं शे. जागा नका विचारू.”

“कोसाडच्या गटारातला आहे का?”

त्यांनी मान वर केली. “गटारातलं झाड दाबायला मला होडी लागत नाही.”

हे उत्तर मला उद्धट वाटलं. आमचे साहेब, देसाईभाई, दारातून ऐकत होते. ते म्हणाले, “बेन, रिपोर्ट देवानो छे, थीसिस नथी लखवानी.” रिपोर्ट द्यायचाय, थीसिस लिहायचा नाही. “ती एक शीट काढा. आणि याला पुढच्या महिन्यापासून सुट्टी द्या.”

“एक खोटी असेल तर सगळा गठ्ठा खोटा, साहेब. हिवाळाच बाद होईल. सही माझी आहे.”

“मग?”

“मी जाऊन बघते. तोपर्यंत यांना काढू नका.”

“पाय?”

“प्लास्टर निघालंय.”

दोन दिवसांनी भाऊंना घेऊन मी बेटावर उतरले. मुद्दाम पुढे चालायला लावलं. गेले नसतील तर वाट चुकतील, हा हिशोब. ते चुकले नाहीत. “जागा तोंडाने सांगणार नाही, मागे या,” एवढंच म्हणाले. तिवरांमधून वाकून, खाऱ्या चिखलाचा पट्टा ओलांडून सरळ मध्यावर निघाले. इथवर मी कधी आलेच नव्हते. होडीवाला भरतीच्या पाण्यावर आणायचा आणि ओहोटी लागायच्या आत हाका मारायचा. तेवढ्या वेळात काठ बघून होई. काठ म्हणजेच बेट असं मी धरून चालले होते.

“तुम्ही इतक्या आत कसे आलात?”

“होडी चुकली. पुढची भरती येईपर्यंत बसलो. तहान लागली. मग म्हशींच्या पायांचे ठसे दिसले, त्यांच्या मागे गेलो.”

“हे मला का नाही सांगितलं?”

“होडी चुकली म्हटल्यावर तुम्ही काय बोलला असता?”

बोललेच असते.

मध्ये वाळूचा उंचवटा होता. त्यावर दोन झोपड्या, बारा-पंधरा म्हशी आणि कमरेइतका खोल खड्डा. गुजरातीत त्याला वीरडो म्हणतात. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वाळूत खाऱ्या पाण्याच्या वर तरंगतं. बेताने खणलं तर गोडं मिळतं, जास्त खणलं तर खारं. खड्ड्याच्या कडेने पांढऱ्या फुलांचा माका पसरला होता. एक पान चुरडलं. बोटं काळी झाली. माकाच.

एक म्हातारी लोटा घेऊन आली. तिचं नाव जीवीबा. मला लोटा देण्याआधी ती भाऊंना म्हणाली, “ना पाडी हती ने तने?” कोणाला सांगू नको म्हटलं होतं ना तुला?

भाऊ खाली बघून म्हणाले, “जागा नथी कीधी, बा, तोंडाने नाही सांगितली. झाड दाबावंच लागतं. ताईंचा नियम आहे. दिसलं ते दाबायचं, निवडायचं नाही.”

नियम माझाच होता. त्यांनी म्हातारीला दिलेला शब्दही पाळला होता आणि माझा नियमही. त्यात नोकरी जायची वेळ आली होती.

पाणी प्यायले. गोडं होतं.

हिवाळ्यात ओहोटी बघून ही माणसं म्हशी पोहवत आणत. पाण्याचा पत्ता लागला तर कंपनी हाकलेल, अशी जीवीबाला भीती. मी सांगितलं, “माझ्या कागदावर ‘पाणी नाही, माणूस नाही’ असं आहे. ते तसंच गेलं तर हा खड्डा बुजवताना कोणी थांबणारसुद्धा नाही. लिहिलं तर निदान विचारावं लागेल.”

“कागळ जोईने भेंस पाणी पीशे?” कागद बघून म्हैस पाणी पिणार का?

मी लोटा तिच्या हातात परत दिला.

“लख,” ती शेवटी म्हणाली. “पण पाणी पीधुं छे, याद राखजे.” लिही, पण आमचं पाणी प्यायली आहेस, विसरू नकोस.

परतल्यावर मी आधीच्या दोन्ही ऋतूंच्या नोंदींवर ‘फक्त काठ पाहिला’ असं लिहिलं आणि सही केली. देसाईभाईंनी कपाळाला हात लावला. “क्लायंटला काय सांगू? तुम्ही वर्षभर काठावरच फिरत होता म्हणून?”

“हो. तेच सांगा.”

त्यांनी त्या नोंदी पुन्हा एकदा उलटून पाहिल्या. मग म्हणाले, “सुकदेवला ठेवा. पण होडी चुकवू नको म्हणावं.”

“उलट, आता दर वेळी चुकवायची आहे.”

जेट्टी झाली, पण पश्चिम टोकाला. मधला उंचवटा नकाशावर ‘गोडे पाणी, हंगामी वस्ती’ म्हणून बांधकामातून वगळला गेला. पुढच्या हिवाळ्यात गेलो तर वीरडो होता, माकाही होता. मात्र जेट्टीवरचा वॉचमन आता म्हशीवाल्यांकडे पास मागत होता. जीवीबाने लोटा आधी भाऊंना दिला. मग मला दिला आणि म्हशींकडे वळली.

यादीत न बसणारं झाड दिसलं की संशय घ्यावा, त्यात चूक नाही. मी अजूनही घेते. फक्त माणसाकडे बोट दाखवण्याआधी, आपण स्वतः किती आत गेलो होतो ते बघते.