कोकरांच्या मरणाचा बोल

डॉक्टर गोपाळराव पिंगळीकर यांना मी प्रथम पाहिले ते परभणीच्या जनावरांच्या दवाखान्यात, एका मेलेल्या शेळीसमोर उकिडवे बसलेले. निजामी जाऊन वर्ष झाले होते आणि दवाखान्याचे रजिस्टर अजून उर्दूतच भरले जाई. मी त्या दिवशी मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून रुजू झालो होतो. मृत्यूच्या कारणापुढे काय लिहायचे ते कळेना, म्हणून मागची पाने चाळली. जागोजागी ‘सर्दी’ लिहिलेले होते. डॉक्टरसाहेबांनी मला ‘मर्ज नामालूम’ असे लिहायला सांगितले. आपल्याला रोग कळला नाही, हे सरकारी कागदावर नोंदवणारे अधिकारी मी तोवर पाहिले नव्हते.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या यशाविषयी इतर मंडळी लिहितीलच. मला मात्र ताडकळसकडच्या एका वस्तीवरची हकिकत सांगायची आहे.

त्या वर्षी पाऊस फार कमी झाला. वस्तीवरचे मेंढपाळ रखमाजी यांची कोकरे मरू लागली. दोन-तीन आठवड्यांची, अंगाने चांगली भरलेली कोकरे एका सकाळी पाय काठीसारखे ताठ करीत. उठता येत नसे, आईच्या आचळापर्यंत पोचता येत नसे. डॉक्टरसाहेबांना धनुर्वाताची शंका आली. त्यांनी सुया टोचल्या, नाळेच्या जागी औषध लावले. आठ दिवसांत उरलेल्यांपैकीही बहुतेक गेली.

रखमाजींच्या घरी त्याच हंगामात सारजा नावाची सून आली होती. सगळा बोल तिच्यावर आला. तिला मेंढ्यांजवळ फिरकू देईनात. आम्ही पुन्हा गेलो त्या दिवशी तिचे वडील तिला न्यायला येऊन बसले होते.

डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर एक मेलेले कोकरू फाडले. मांडीचे मांस लाल असायला हवे. ते उकडल्यासारखे पांढुरके, रेघारेघांचे निघाले.

“रखमाजी, धनुर्वात म्हणालो ते माझं चुकलं,” ते म्हणाले. “हा रोग मला ठाऊक न्हाई. पण हे मांस आतून बिघडलंय. कुणाच्या पायगुणानं असं होत न्हाई.”

रखमाजींनी ते मांस बोटाने दाबून पाहिले. मग म्हणाले, “रोग ठाऊक न्हाई म्हणता, डाक्टरसाब. मग कशानं झालं न्हाई, ते तुमाला कसं कळलं?”

डॉक्टरसाहेबांनी ते कोकरू झाकून ठेवले. सारजा गाठोडे घेऊन वडिलांच्या मागे निघाली. आमच्यासमोरून जाताना तिने कोणाकडेच पाहिले नाही.

त्यानंतरची काही वर्षे आम्ही पाथरीपासून देवगाव फाट्यापर्यंत सायकलींवर हिंडलो. गाभण मेंढ्यांना काय चारता, एवढेच डॉक्टरसाहेब विचारीत. हळूहळू ध्यानात आले की जिथे मेंढ्या कोरड्या कडब्यावर राहिल्या, तिथेच हा रोग जास्त दिसत होता. विहिरीकाठचा हिरवा लसूणघास मिळालेल्या कळपांत तो क्वचितच आढळे. त्यांनी हैदराबादेहून गव्हाच्या अंकुराचे तेल मागवले. हिरव्या चाऱ्यासारखेच त्यातही ई जीवनसत्त्व असते. ते पाजल्यावर काही कोकरे उभी राहिली. काही माझ्या मांडीवरच गेली.

पुढे हैदराबादच्या एका वर्गमित्राने त्यांना परदेशी नियतकालिकातली काही पाने पाठवली. पांढऱ्या पडलेल्या मांसाचा तो रोग त्यात होता. ई जीवनसत्त्वाची उणीव आणि जमिनीतून चाऱ्यात येणाऱ्या सेलेनियम नावाच्या द्रव्याची उणीव, अशी दोन कारणे दिली होती. सेलेनियम मागवू या, असा मी हट्ट धरला. ते कणभर लागते आणि जरा जास्त झाले तर विष होते, हेही त्याच पानांत होते.

“वाचलं म्हणून देता येत न्हाई,” ते म्हणाले. “आधी चुकलो तेव्हा कोकरं रोगानं मेली. आता चुकलो तर माझ्या हातानं मरतील.”

आज ही दोन्ही औषधे मापून घातलेले इंजेक्शन मिळते. तेव्हा तसे काही नव्हते. आपल्या मातीत सेलेनियम खरेच कमी होते का, हे आम्हाला मोजता आले नाही. हिरवा चारा आणि तेल यांवरच त्यांनी काम चालवले.

ती पाने घेऊन ते रखमाजींकडे गेले आणि त्यांना समजेल असे सगळे सांगितले. रखमाजी पागोटे डोक्यावर ठेवून उठले आणि आम्हाला घेऊन सारजाच्या माहेरी निघाले. तोवर त्यांच्या मुलाने दुसरे लग्न केले होते, त्याला मुलेही झाली होती.

सारजा दुसऱ्याच्या रानात कापूस वेचत होती. डॉक्टरसाहेबांनी तिला रोग समजावून सांगितला. तुझा काही दोष नव्हता, हे तेव्हाच पटवायला हवे होते, मला जमले नाही, असेही म्हणाले. रखमाजी खाली पाहत उभे होते.

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, “आता जगायलेत का कोकरं?”

“हिरवं मिळालं तर लय जगायलेत, बाई,” डॉक्टरसाहेब म्हणाले.

“बरं झालं,” ती म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब दवाखान्यात आले नाहीत. माझ्या नोकरीत ते न सांगता गैरहजर राहिलेले मला आठवतात, ते त्या एकाच दिवशी.

पंचाहत्तरीच्या या समारंभाला ते नाखूशच होते. लिहिणारच असाल तर ताडकळसची चूक आधी लिहा, असे त्यांनी मला बजावले. ती मी लिहिली आहे. आता त्यांची नजर मंदावली आहे आणि दम्याने रात्रीची झोप मोडते. त्यांना शांत झोप लाभो, श्वास मोकळा राहो, आणि पुष्कळ वर्षे ते आमच्यात असोत. सारजा गाठोडे घेऊन निघाली त्या दिवसाचे ओझे त्यांनी फार वर्षे एकट्याने वाहिले आहे. ते थोडे हलके होवो, एवढेच मागणे आहे.