रावसाहेबांसाठी भिंत

शनिवार, १४ मार्च. आजचं काम: साडेपाच फूट उंच आणि चार फूट रुंद अशा एका इंग्रज गृहस्थाला दोन जुन्या दुलयांत गुंडाळणं, भाड्याच्या व्हॅनमध्ये उभं करणं आणि आमच्या घरी आणणं. काम झालं. पाठ मोडली आहे, गरम पाण्याची पिशवी लावून बसले आहे, तेव्हा बसल्या बसल्या लिहून टाकते.

हट्टी माणसं जगात पुष्कळ असतील, पण सगळे हट्ट दुसऱ्याच्या नावावर करणारा, आणि तो दुसराही तीनशे वर्षांपूर्वी मेलेला, असा माणूस मी एकच पाहिला. ते माझे दीर, म्हणजे माझ्या नवऱ्याचे सगळ्यात मोठे मावसभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणते. वय शहात्तर, लग्न केलेलं नाही, नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलातून निवृत्त झालेले भूलतज्ज्ञ. आयुष्यभर त्यांनी लोकांना झोपवलं आणि ती सवय अजून सुटलेली नाही. आता इंजेक्शन नसतं, रावसाहेबांची गोष्ट असते.

रावसाहेब म्हणजे ते तैलचित्र. खांद्यावर रुळणारा कुरळ्या केसांचा टोप, गळ्याशी लेसचा ढीग, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात काढलेला हातमोजा, मागे दाट काळोख आणि खालच्या कोपऱ्यात एका कुत्र्याचं फक्त नाक. बाकीचा कुत्रा कुठे गेला ते कुणाला माहीत नाही. चित्र बरोक काळातलं, म्हणजे आपल्या हिशेबानं शिवकालातलं. चौकटीच्या पितळी पट्टीवर इतकंच लिहिलं आहे की हे अमुक नामवंत घराण्यातले एक गृहस्थ. घराण्याचं नाव आहे, गृहस्थांचं नाही. भाऊजी इंग्लंडात नवे असताना त्यांनी ते गावाबाहेरच्या एका जुन्या हवेलीच्या लिलावात घेतलं आणि बिननावाच्या माणसाला हाक कशी मारायची म्हणून 'रावसाहेब' ही पदवी देऊन टाकली. त्यानंतर त्या घरात भाऊजी भाडेकरूसारखे राहिले.

रावसाहेबांना ऊन चालत नाही, म्हणून पुढच्या खोलीचे पडदे बारा महिने ओढलेले. त्यांना कोरडी हवा सोसत नाही, म्हणून हीटिंग अठराच्या वर जात नाही. भाऊजी घरात ओव्हरकोट घालून बसतात आणि पाहुण्यांना दारातच शाल देतात. फोडणीचा धूर तर अजिबातच नको. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा हौसेनं कोथिंबिरीच्या वड्या तळायला निघाले, तर भाऊजींनी कढई, तेल आणि कॅम्पिंगची शेगडी उचलून माझी रवानगी गॅरेजमध्ये केली. डिसेंबर होता. नव्या भावजयीची काळजी म्हणून त्यांनी मला एक हातमोजा आणून दिला. एकच, कारण दुसऱ्या हातात झारा होता. वड्या झाल्यावर त्यांनी चार खाल्ल्या आणि पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं, वास आत जाऊ नये म्हणून.

स्वतःचं मत सांगायचा त्यांना संकोच, त्यामुळे ते रावसाहेबांचं सांगतात. आम्ही सोफा घेतला तेव्हा रावसाहेबांना रंग पटला नव्हता. मी जीपी सर्जरीतली, म्हणजे इथल्या दवाखान्यातली, नोकरी बदलायचं म्हणत होते तेव्हा रावसाहेबांनी घाई करू नका असं कळवलं होतं. वाईट याचं वाटतं की तो सल्ला बरोबर निघाला. माझी मुलगी सहा वर्षांची असताना त्या चित्रासमोर उभी राहून म्हणाली, "काका, तुमची पेंटिंग मला रागावतो." एरवी पोरांचं मराठी सुधारल्याशिवाय भाऊजी पाणी पीत नाहीत. पण त्या दिवशी ते तिच्याशेजारी गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "रागावत नाहीत गं. त्यांचे बूट घट्ट आहेत." चित्र गुडघ्याच्या वरच संपतं. पोरगी बरीच वर्षं चौकटीखालून बूट बघायचा प्रयत्न करत होती.

हे गृहस्थ नक्की कोण, याचा शोध भाऊजींनी पंधरा वर्षं घेतला. सुट्ट्या घेऊन चर्चमधली दप्तरं पाहिली, जुनी थडगी वाचली, आणि शेवटी त्या घराण्याच्या आजच्या वारसांना सुंदर अक्षरात चार पानी पत्र लिहिलं. उत्तर सहा ओळींचं आलं. त्या पिढीत सहा भाऊ होते, हे त्यातले कोणते ते सांगणं अवघड आहे, आणि चित्र परत घेण्याची कुटुंबाची इच्छा नाही. परत द्यायचं भाऊजींच्या मनातही नव्हतं. तरी ते महिनाभर चिडलेले होते. "आपल्या घरचा माणूस कुठे आहे हे कळल्यावर निदान बरा आहे का, एवढं तरी विचारतात की नाही," असं ते भेटेल त्याला म्हणायचे. एका इंग्रज शेजाऱ्यालाही म्हणाले. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली. त्याला वाटलं गोष्ट भाऊजींच्या भावाची आहे.

मग कुंकवाचं प्रकरण. एका दसऱ्याला भाऊजींकडे इथल्या मराठी मंडळातली माणसं जमली होती. त्यात एका जोडप्याबरोबर साताऱ्याहून आलेली आई होती. आपल्याकडे भिंतीवर मोठं चित्र असलं की ते गेलेल्या थोरांचं, हे त्या माउलीला ठाऊक. अंधारात तिनं टोप पाहिला, लेस पाहिली, आणि हे डॉक्टरांचे कुणी संस्थानी पूर्वज असणार असं ठरवून टाकलं. आम्ही स्वयंपाकघरात होतो. बाहेर आलो तर रावसाहेबांच्या कपाळावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट, चौकटीला झेंडूचा हार आणि समोर त्या बाई हात जोडून उभ्या. तीनशे वर्षांच्या रंगावर ओलं कुंकू. मला वाटलं भाऊजींना आता मलाच भूल द्यावी लागणार. भाऊजी म्हणाले, "बसा, मावशी. चहा घ्या." पुढे चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी भिंगातून तो ठिपका तपासला. हे लाल नंतर कुणीतरी लावलेलं दिसतं, म्हणाल्या, आणि काढून देते म्हणाल्या. भाऊजींनी नको सांगितलं. त्यांना कुणीतरी घरचं समजून लावलंय, ते पुसायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. ठिपका अजून आहे.

इथवर सगळं मी सोसलं, कारण चित्र त्यांच्या भिंतीवर होतं आणि मी माझ्या घरी. गेल्या ऑक्टोबरात त्याच कपाळावरची धूळ झटकायला ते स्टुलावर चढले आणि पडले. कमरेच्या हाडाला चीर. अँब्युलन्सवालीनं विचारलं, घरात आणखी कोण असतं? भाऊजी कळवळत म्हणाले, एक गृहस्थ असतात, पुढच्या खोलीत. त्या मुलीनं अंधाऱ्या खोलीच्या दाराशी जाऊन दोनदा 'हॅलो, सर' म्हणून हाक मारली आणि दिवा लावल्यावर किंचाळली. पुढचे तीन तास ही गोष्ट ते कॅज्युअल्टीत सगळ्यांना सांगत होते, आणि मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांचे बूट मांडीवर घेऊन बसले होते.

पुन्हा पडलात तर उठणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरातला जिना उभा, न्हाणीघर वर. मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मागे लागले, फॉर्म भरले, आणि जानेवारीत एक फ्लॅट मिळाला: वयस्कर माणसांसाठीचा, तळमजल्यावर, देखरेखीला वॉर्डन असलेला, पडलं तर मदत बोलवायला ओढायची दोरी असलेला. मार्चच्या मध्यापर्यंत ताबा घेतला नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. खोली छोटी, छत खाली, आणि त्या भिंतीवर एवढं वजन टांगता येणार नाही असं कौन्सिलनं लेखी कळवलं. ते पत्र वाचून भाऊजींनी घडी घातली आणि म्हणाले, "मग रावसाहेबांची सोय लागल्याशिवाय मी हलत नाही."

लिलावात परत नको. म्युझियमनं फार सभ्य शब्दांत नकार दिला. त्यांच्या तळघरात असे गृहस्थ पुष्कळ होते. मग मी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर टाकलं, आणि भाऊजींनी स्थळं बघायला सुरुवात केली. मी हे गमतीनं म्हणत नाही. येणाऱ्याला बसवून चहापोहे, मग प्रश्न. घर स्वतःचं की भाड्याचं? भिंत कोणत्या दिशेला? घरात मोठ्यानं बोलण्याची सवय आहे का? एक चांगला हृदयरोगतज्ज्ञ केवळ भिंतीमागे रेडिएटर आहे म्हणून बाद झाला. पुण्याहून आलेलं एक सॉफ्टवेअरमधलं जोडपं तर व्हॅन घेऊनच आलं होतं. मुलगी प्रामाणिक होती, म्हणाली, काका, ऑनलाइन मीटिंगला मागे फार भारी दिसेल. भाऊजींनी तिला पोह्यांची दुसरी प्लेट दिली आणि जोडप्याला रिकाम्या व्हॅनसकट परत पाठवलं. नंतर मला म्हणाले, "ते दिवसभर यांच्याकडे पाठ करून बसणार."

आठ स्थळं झाली. ताबा घ्यायला पाच दिवस उरले. मंगळवारी दवाखाना सुटल्यावर मी तडक त्यांच्याकडे गेले आणि कोटही न काढता सांगितलं की रावसाहेब माझ्या जिन्याच्या भिंतीवर येतील. पण माझ्या नियमांनी. हार नाही, पडदे उघडे, आणि फोडणी माझ्या स्वयंपाकघरातच होणार.

भाऊजींनी चित्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि बाहेर जाताना?"

"बाहेर जाताना काय?"

"काही म्हणतेस का? घरातून निघताना."

मी म्हटलं, घरात कुणी असलं तर येते म्हणते, नाहीतर अलार्म लावते.

ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होते. त्यांनी जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यात सांगितलं, मी सरळ लिहिते. इकडे आले तेव्हा त्यांना हॉस्पिटलच्या आवारात एक खोली होती. आईनं लहानपणापासून शिकवलेलं, घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. पहिल्या हिवाळ्यात रोज सकाळी दारात बॅग घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचं कुणाला ते सुचायचं नाही. न म्हणता निघायला पाय उचलायचा नाही. दोनदा ड्यूटीला उशीर झाला. मग त्या लिलावात हे गृहस्थ दिसले, दाराकडे तोंड करून उभे.

"अहो, मग लग्न करायचं," मी म्हटलं.

"करणार होतो. तेवढ्यात तू आलीस. तुझ्या नवऱ्याकडे बघून बेत रद्द केला."

"आणि रावसाहेब काय म्हणतात? तुम्ही येतो म्हटल्यावर?"

"ते काय म्हणणार," भाऊजी म्हणाले. "तैलचित्र आहे."

मग त्यांनी फ्लॅटच्या कागदांवर सही केली. पेन माझंच होतं, ते खिशात घातलं.

आज दुपारी नवऱ्यानं आणि मी रावसाहेबांना खाली उतरवलं. त्यांचं वजन एका मध्यम फ्रिजएवढं आहे. भाऊजी खुर्चीवरून सूचना देत होते: डोकं वर, डोकं वर, ते आडवे होत नाहीत. व्हॅनमध्ये त्यांना उभं बांधावं लागलं. आता ते आमच्या जिन्यात आहेत, पुढच्या दाराकडे तोंड करून, आणि माझ्या बैठकीतला सोफा त्यांना तिथून सरळ दिसतो.

रविवार. सकाळी आठला कचऱ्याच्या पिशव्या आणि हूवर, म्हणजे आपला व्हॅक्यूम क्लीनर, घेऊन भाऊजींच्या घरी गेले. पडदे मी काल काढून नेले होते, त्यामुळे पुढच्या खोलीत प्रथमच ऊन आलं होतं. भिंतीवर चित्राच्या मापाचा चौकोन, त्यातला वॉलपेपर अजून हिरवागार. बाकीचा कधीच पिवळा पडलेला. नवऱ्यानं शेवटचं खोकं गाडीत ठेवलं आणि हॉर्न दिला. भाऊजी ओव्हरकोट घालून, काठी घेऊन निघाले. खोलीच्या दाराशी थांबले, सवयीनं भिंतीकडे वळले, आणि तसेच उभे राहिले. मी जिन्याखाली गुडघ्यावर बसून हूवरची वायर सोडवत होते.

"येतो," ते हळूच म्हणाले.

"या," मी म्हटलं. "सावकाश या."

त्यांनी वळून पाहिलं नाही. नुसती मान हलवली आणि एकेक पायरी उतरून गाडीकडे गेले. मी प्लग लावला आणि त्या भिंतीखालच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.