नाव तेवढं विचारू नका

वकिली सुरू करून काही वर्षं झाली की लक्षात येतं, फायली कपाटात मावतात, किस्से मावत नाहीत. वाशीमच्या कोर्टात दुपारी चार वकील चहाला बसले की एक जण सांगतो, त्यावरून दुसऱ्याला आठवतं, आणि तिसऱ्याची केस पुकारून निघून जाते! ऐकणाऱ्याला वाटतं, मजा आहे बुवा यांची. मजा असतेही. पण परवा माझे किस्से आठवायला बसले तेव्हा ध्यानात आलं की जवळपास प्रत्येकात कोणीतरी जाम घाबरलेलं आहे. जागेचा मामला घ्या, नोकरीचा घ्या, नाहीतर अपघाताचा. आणि घाबरलेला माणूस बहुतेक वेळा तोच, ज्याची काही चूक नसते.

*

जऊळक्याच्या एका घरावर शेजाऱ्याने जागेवरून दावा लावला. बेलीफ समन्स घेऊन गेला तर घरात कोणी नाही. म्हणजे होते सगळे, पण कोठीच्या मागे दडून! शेवटी बेलीफाने दोन पंच बोलावले आणि समन्स दाराला चिकटवून तो परत आला.

तारखेला घरचे कर्ते आमच्या ऑफिसात आले, ते हातापायांवर ओरखडे घेऊन. माझे सीनियर, ज्यांना सगळं कोर्ट काकासाहेब म्हणतं, घाबरूनच म्हणाले, "मारामारी झाली का हो?"

"नाई जी. आमी मांगून येनंजानं करून राह्यलो. मांगं बाभळीचं कुंपन हाय."

"आणि पुढचं दार?"

"त्याच्यावर तुमचा कागद हाय ना! दोन्ही फळ्याईवर मिळून चिकटवला त्यानं. दार उघडलं का फाटते. कोर्टाचा कागद फाडला म्हून आत टाकलं त?"

म्हातारी आई, सुना, पोरं, सगळं घर काट्यांतून जा-ये करत होतं. काकासाहेबांना हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात गृहस्थ पुढे सरकून हळूच म्हणाले, "साहेब, पुढच्या महिन्यात पोराचं लगीन हाय. नवरी बी मांगूनच आनाची काय? तेवढं जजसाहेबाले इचारून घ्या ना!"

*

शोभा आली त्या दिवशी मात्र ऑफिसात कोणी हसलं नाही.

धनजकडच्या एका वस्तीवरची ही मजूर बाई. उजवा हात कोपरापासून नाही. सोयाबीन काढायच्या मशीनला आमच्याकडे हडंबा म्हणतात. त्यात पेंढ्या ढकलताना एका पेंढीबरोबर तिचा हात आत गेला. नुकसानभरपाई मागायची तर आधी एकच गोष्ट सिद्ध करायची होती, की ही बाई त्या मालकाकडे कामाला होती. आता शेतात कसलं हजेरीपत्रक अन्‌ कसलं काय! त्यात दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं, 'घरच्या कडबा कटरमध्ये हात गेला.'

"हे डॉक्टरला कोणी सांगितलं?" काकासाहेबांनी विचारलं.

"म्याच सांगतलं. मालकाचा मानूस गाडीत म्हने, असंच सांगजो."

"तुझ्याकडे कडबा कटर आहे?"

"नाई."

"बैल? गाय? शेळी?"

"कोंबड्या होत्या," शोभा म्हणाली. "त्या बी इकल्या दवाखान्यापायी."

काकासाहेबांनी तेही लिहून घेतलं. मग मालकाचं नाव विचारलं. शोभाने आधी दाराकडे पाहिलं, मग पदर पुढे ओढला. "नाव नका इचारू ना साहेब. माह्या तोंडातून नाई निंघत." नाव शेवटी तिच्या नवऱ्याने सांगितलं, तेही ऑफिसचं दार लावून घेतल्यावर.

*

त्याच दिवसांत एक मास्तर यायचे. खाजगी शाळेत होते. नोकरीवर घेतानाच संस्थाचालकांनी कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवलेली, आणि आता त्याच कागदावर राजीनामा लिहून त्यांना घरी बसवलेलं! केस चांगली होती. पण मास्तर ऑफिसात आले की हेल्मेट काढत नसत. तास तास बसायचे, चहाही काच थोडी वर करून घ्यायचे. कारण काय, तर समोरचं झेरॉक्सचं दुकान संस्थाचालकांच्या साडूचं.

मी म्हटलं, "सर, इथून काही दिसत नाही त्यांना."

"तुमाले नाई मालूम मॅडम. त्यायले सारं दिसते."

सगळी कागदपत्रं तयार झाली. अर्ज टाइप करून त्यांच्यापुढे ठेवला. मास्तरांनी हेल्मेटच्या आतूनच तो शांतपणे वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि म्हणाले, "एकदम फर्स्टक्लास झाला. दाखल करून टाका. फक्त माझं नाव टाकू नका!"

*

शोभाचा दावा दाखल झाला आणि आठवडाभरात मालक आमच्या घरी आले. पांढरेशुभ्र कपडे, बोलणं साखरेसारखं. "तुमच्यावर राग नाई मॅडम. तुमचं त काम हाय." चहा घेतला, चांगला झालाय म्हणाले. कप खाली ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "पोरगी ऑटोनं जाते ना शाळेत? हे ऑटोवाले लय बेकार चालवतात. ध्यान ठेवत जा."

ते गेले. मी कडी लावली आणि ती नीट लागली का ते दोनदा ओढून पाहिलं. खोटं कशाला सांगू, त्या रात्री केस सोडून द्यावी असंही मनात आलं. दुसऱ्या दिवसापासून मी पोरीला स्वतःच्या स्कूटीवर सोडायला लागले.

काकासाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "मला रस्ता जपून ओलांडायला सांगून गेले. फार काळजी आहे त्यांना आपली!" असं म्हणून ते हसले. पण तेव्हापासून संध्याकाळी कोर्टातून निघताना ते कोणी ना कोणी सोबत घेऊनच निघत.

शोभाबरोबर त्या दिवशी मशीनवर असलेल्या बायांना आम्ही साक्षीला बोलावलं होतं. त्यातली एकच आली. फाटकाशी पोलीस दिसला तशी थबकली आणि मला म्हणाली, "मी साक्षीले नाई आली बाई. मी बजारात आली होती." आणि खरंच बाजाराकडे चालू लागली.

*

शपथेचा किस्सा तर आमच्या बाररूममध्ये अजून चालतो. दोन शेतांमधल्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण. समोरच्या बाजूने एक म्हातारबा साक्षीला उभे राहिले. ईश्वराची शपथ घ्या म्हटल्यावर मागे सरकले. "शपथ नाई घेत मी. घरात नातवंडं हायेत."

जजसाहेब भले माणूस. म्हणाले, "बाबा, शपथ नको असेल तर नुसती प्रतिज्ञा करा."

"त्यात देवाचं नाव नाई ना?"

"नाही."

"मंग काई झालं त?"

"काही होत नाही. बोला."

म्हातारबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि खणखणीत आवाजात साक्ष दिली. धुरा होता तिथंच आहे, कोणीही तसूभर सरकवलेला नाही! साक्ष संपली. पिंजऱ्यातून उतरताना ते शिपायाला म्हणाले, आणि सगळ्या कोर्टाने ऐकलं, "बरं झालं बाप्पा, शपथ घ्या लावली असती त सरकवला म्हना लागलं असतं!"

*

शोभाची साक्ष झाली तेव्हा मालक पहिल्याच बाकावर बसले होते. नुसते तिच्याकडे पाहत होते. काकासाहेबांनी विचारलं, "मशीन कोणाचं होतं?"

"मालकाचं."

"कोणत्या मालकाचं?"

शोभाने बाकाकडे पाहिलं. "ध्यानात नाई," ती म्हणाली.

आमची केस तिथेच बसली. बाहेर आल्यावर मला राग आवरेना. "अगं, हात तुझा गेला ना?"

"हात गेला मॅडम," ती म्हणाली. "पोरं हायेत अजून."



पुढच्या तारखेला मालकांची साक्ष. कोर्टात वीज गेलेली, अंगातून घाम निथळत होता. मालक ताठ उभे राहिले आणि शपथेवर म्हणाले, "मी या बाईले वळखतच नाई. मजूर ठेकेदार आनते. कोन आली, कोन गेली, मले काय मालूम? आजपावतो इचं तोंड पाह्यलं नाई."

काकासाहेबांनी उलटतपासणी सुरू केली. ते आवाज चढवत नाहीत. एकेक बारीकसारीक विचारत राहतात. विहीर कुठे आहे, हडंबा कुठून आणला, त्या वर्षी काढलेल्या सोयाबीनची सुडी किती मोठी रचली होती. मालक उत्तरं देत होते. एकही उत्तर चुकत नव्हतं. मी फाईल मांडीवर घेऊन बसले होते आणि मनातल्या मनात शोभाच्या नवऱ्याला काय सांगायचं ते जुळवत होते. शोभा मागे, बाक रिकामा असूनही, भिंतीला टेकून खाली बसली होती.

तासभर हे चाललं. बोलता बोलता मालकांना ठसका लागला. थांबेना. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, मान मागे वळवली आणि म्हणाले, "शोभे, पानी आन वं."

शोभा उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला. व्हरांड्यातल्या माठावरून गिलास भरून आणला, सगळ्या कोर्टामधून चालत पिंजऱ्यापाशी गेली आणि मान खाली घालून तो वर धरला. मालकांनी गिलास घेतला, तोंडाला लावला आणि अर्ध्यावरच थांबले. जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं होतं.

शोभा परत भिंतीशी येऊन बसली. मी जवळ गेले तसा तिने माझ्या कोटाची बाही धरली आणि अगदी हळू विचारलं, "मॅडम, डाव्या हातानं पानी देल्लं म्या. मालकाले राग त नसंन ना आला?"