तंबूच्या काठाची कुसळं

परवा मोज्यात रुतलेलं कुसळ काढताना तो पिवळा तंबू आठवला. नव्वदीच्या शेवटी मी आणि माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं पॅराशूटचं कापड आणून तो आईच्या शिलाई मशीनवर शिवला होता. पाठीवर वजन नको म्हणून त्याला तळ ठेवलाच नाही. मधे काठी, काठावर दगड आणि खाली नुसती जमीन. दिवाळीच्या सुट्टीत त्र्यंबकेश्वरच्या मागच्या डोंगरावर दोघींनी मिळून तो पहिल्यांदा उभा करायचा, असं ठरलं होतं. ऐनवेळी ती म्हणाली, "आई नाही सोडत गं." माझ्यापेक्षा मला तिचंच वाईट वाटलं. शिवून झाल्यावर तंबू मी तिच्याकडेच ठेवायला दिला होता, तो आणायला सुट्टी संपल्यावर इंदिरानगरला तिच्या घरी गेले. "माळ्यावरच पडून होता," असं म्हणून तिनं चहा टाकला. घरी येऊन गच्चीवर तो उलगडला, तर चुलीच्या धुराचा वास आला, आणि मी दुमडून शिवलेल्या काठात चारी बाजूंनी डोंगरावरची कुसळं घुसलेली. म्हणजे तंबू उभा राहिला होता, माझ्यावाचून. मी कुसळं एकेक उपटत बसले. त्यानंतर कितीतरी तंबू घेतले, एकही कुणाला दिला नाही. तरी उघडताना हात आधी काठच चाचपतो.