मधोमध भोक पाडलेली गादी

देवाचा अनुभव सांगणारी माणसं फार गोड बोलतात. मला ते जमणार नाही. मला आलेला अनुभव रागातून आला आणि तो राग अजून सगळा ओसरलेला नाही. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, असं म्हणतात. मला जावई नाही, पण दुखणं त्याच जागचं. वय सत्तेचाळीस, राहायला बदलापूरला कात्रपमध्ये, नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. लघवीला जळजळ व्हायची, दर अर्ध्या तासाला जावंसं वाटायचं, आणि बसलो की खाली आत कुठेतरी निखारा ठेवल्यासारखं दुखायचं. माझी तर सगळी भक्तीच बसून करायची. आमच्या सोसायटीत श्रावणात सात दिवस पोथीचं पारायण असतं आणि गेली अकरा वर्षं वाचक मीच. एकदा अध्याय सुरू झाला की संपेपर्यंत वाचकाने आसन सोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

पहिल्यांदा मी डॉक्टरला खरं तेच सांगितलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. स्टेशनजवळचा दवाखाना, बाहेर पंधरा-वीस माणसं, आणि काउंटरवरच्या बाई तिथूनच ओरडल्या, "लघवीचा त्रास कोणाला आहे?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा. डॉक्टरांनी मान वर न करता पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. जरा बरं वाटलं, मग परत तेच. पुन्हा गेलो, वेगळ्या गोळ्या. तिसऱ्या वेळी बायको सोबत होती, दार अर्धं उघडं होतं, आणि त्या गृहस्थांनी विचारलं, "बाहेर कुठे जाता का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलायच्या आत बायकोच उठली. "आधी तपासा तरी, मग चौकशा करा," म्हणाली आणि मला हाताला धरून बाहेर घेऊन आली.

त्या दिवशी मी शहाणा व्हायला हवं होतं. मी झालो लबाड. त्यानंतर जो भेटेल त्याला सांगायला लागलो, कंबर दुखते. कारखान्यात कंबर, शेजारी कंबर, आणि कहर म्हणजे पुढच्या डॉक्टरलाही कंबर. त्याने एक्स-रे काढला, एमआरआय काढला, पट्टा दिला. तो पट्टा आवळला की लघवीची घाई आणखी वाढायची. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय? वर्ष त्यात गेलं.

मग श्रावण आला. पारायणाच्या तिसऱ्या दिवशी, ऐन अध्यायात, मला उठावंच लागलं. परत आलो तर माझ्या जागेवर भाऊ बसून पोथी वाचत होते. भाऊ म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सत्तरीचे, शिस्तीचे. अध्याय संपवून सगळ्यांसमोर म्हणाले, "देवापुढे तासभर बसवत नसेल, तर मन लागत नाही असं समजावं. पुढच्या वर्षी दुसरा वाचक बघू." माझ्याकडे उत्तर होतं, पण ते चारचौघांत सांगता येण्यासारखं नव्हतं. अकरा वर्षांची सेवा एका लघवीवरून गेली. मी खाली मान घालून शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.

त्यानंतरच्या सोमवारी रजा टाकून अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. तिथला गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि प्रत्येक पायरीला मला कळ येत होती. पिंडीवर पाणी घातलं आणि मनातल्या मनात भांडलो. म्हटलं, दर सोमवारी तुला पाणी घालतो आणि माझं पाणी तू असं पेटवतोस? तुझ्यासमोर बसायचं तेही काढून घेतलंस? आता मला सुधरत नाही, तुला काय करायचं ते कर. हातातला बेल तसाच घेऊन परत वर आलो. नंतर त्याची लाज वाटली, पण तेव्हा नाही वाटली.

तिथून उल्हासनगरला गेलो, कारण एक युक्ती डोक्यात होती. फोमची गोल गादी करून घ्यायची, मधोमध भोक पाडून, म्हणजे दुखरी जागा टेकणार नाही. कागदावर चित्र काढून नेलं होतं. दुकानात एक वयस्क सिंधी काका होते, मागे झुलेलालचा फोटो, समोर दोन गिऱ्हाइकं सोफ्याचं कापड बघत होती. मी म्हटलं, "कमर के लिए चाहिए." काकांनी कागद बघितला, मग मला बघितलं.

"साईं, दर्द कमर में और छेद बीच में?"

मग त्यांनी फोमची जाडी विचारावी तशा आवाजात विचारलं, "पेशाब में जलन है? बार-बार जाना पड़ता है?" कापड बघणाऱ्यांनी मानसुद्धा वळवली नाही. मी हो म्हटलं. दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता, आणि तो गादीवाल्याने! ते म्हणाले, "मैंने भी तीन साल भुगता है. प्रोस्टेट की सूजन. डॉक्टर को कमर बोलोगे तो वो कमर ही देखेगा ना?" माझ्याच चित्राच्या मागे त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या मूत्ररोगतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. मग गादी कापली, स्टुलावर ठेवली आणि म्हणाले, "बैठ के देखो." मी बसलो आणि मला रडू आलं.

त्या डॉक्टरांनी आधी उठून दार लावलं. मग सगळं ऐकून घेतलं. बोट घालून प्रोस्टेट तपासली, ती दाबायच्या आधीची आणि नंतरची लघवी तपासायला पाठवली, रक्त, सोनोग्राफी केली. पुढच्या खेपेला म्हणाले, "कॅन्सर नाही. जुनाट सूज आहे. जंतू सापडले नाहीत, त्यामुळे त्याच त्या अँटिबायोटिकचा उपयोग नव्हता." वेगळी गोळी दिली, गरम पाण्याच्या टबात बसायला सांगितलं, खालचे स्नायू सैल करायचे व्यायाम शिकवले. पूर्ण जाईलच असं नाही, मधूनमधून डोकं वर काढेल, हेही सांगितलं. मला हायसं वाटलं, आणि तितकाच संतापही आला. एक दार लावायला कोणाचं काय जात होतं? आणि तोंड उघडायला माझं?

पेढे घेऊन काकांकडे गेलो. म्हटलं, त्या दिवशी मी महादेवाशी भांडूनच तुमच्याकडे आलो होतो. ते म्हणाले, "भेजा होगा उसने. मैंने तो फोम बेचा." आणि पेढा खाल्ला. मीही वाद घातला नाही. पुढच्या सोमवारी पिंडीवर त्या दिवशीचा राहिलेला बेलही वाहिला.

यंदाच्या श्रावणात दुसरा वाचक कोणी मिळाला नाही, म्हणून भाऊंनी मलाच बोलावलं. गादी आसनावर ठेवली आणि पोथी उघडण्याआधी सगळ्यांना सांगितलं, "मला प्रोस्टेटचा आजार आहे. अध्यायात उठावं लागलं तर उठेन आणि परत येऊन बसेन. चालत नसेल तर आत्ताच बोला." कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी उठावं लागलंच. परत आलो तर पोथी त्याच पानावर होती आणि सगळे थांबले होते. देवावर सोडायचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा, असं मी समजत होतो. त्याने तसं कधी मागितलंच नव्हतं. आधी जे आहे ते आहे म्हणायचं, मग सोडायचं. एवढं शिकवण्यासाठी त्याला सिंधी काकांना कामाला लावावं लागलं, याबद्दल मी त्या दोघांचाही ऋणी आहे.

समाप्तीला मंडळी पांगल्यावर भाऊ सतरंजीची घडी घालत रेंगाळले. वर्षभर त्यांच्यासाठी एक वाक्य मी जिभेवर तयार ठेवलं होतं. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुझा तो डॉक्टर तपासताना दार लावून घेतो का रे?"

"किती दिवस झाले, भाऊ?"

"सहा वर्षं."

ते वाक्य मला आठवलं, नाही असं नाही. मी गादी त्यांच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "आधी ह्याच्यावर बसा."